उच्चार निर्दोष

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सांगायला माणूस नव्हता म्हणाल, तर तेही खरं नव्हे. तळा नावाच्या या लहान गावात एकटा राहणारा मास्तर म्हणजे लोकांची हक्काची करमणूक. संध्याकाळी ओट्यावर कोणी ना कोणी येऊन बसतंच. त्यांना मी पुष्कळ काही सांगितलं आहे. पोस्टमास्तरांना तर माझ्या मूळव्याधीचा इतिहास तोंडपाठ आहे. ही एवढी एक गोष्ट सांगितली नाही. तुमचं तोंड मला दिसत नाही, म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतं.

गोष्ट एका इंग्रजी शब्दाच्या उच्चाराची आहे.

हसलात? हसा. मीही बरीच वर्षं स्वतःची तशीच समजूत घालत आलो — शब्द तो केवढा, आणि त्याचं एवढं काय?

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. मांडव्याच्या दक्षिणेला, समुद्राला लागून असलेल्या एका गावात विद्यापीठाच्या परवानगीने शिक्षक घडवण्याचं महाविद्यालय निघालं होतं. महाविद्यालय हा शब्द मोठा. जागा म्हणजे मिठाचं जुनं गोदाम. भिंतींना बारा महिने ओल सुटायची आणि फळ्यावर खडू उठायचा नाही. इथे पदवीधर माणसाला एका वर्षात मास्तर करून देत. बालमानसशास्त्र शिकवणारे गृहस्थ मूल दिसलं की रस्ता ओलांडत. इंग्रजी कसं शिकवावं हे शिकवणारे — त्यांना आम्ही पद्धतीचे सर म्हणायचो — ऐन वैशाखात लोकरी कोट घालत, आणि घाम पुसायच्या रुमालातच रंगीत खडू ठेवत. तासाच्या शेवटी त्यांचं कपाळ निळं झालेलं असे. ते सांगायचं धाडस आमच्यापैकी कोणी कधी केलं नाही. आता वाटतं, माझं खरं शिक्षण तिथे झालं — समोरच्याचं कपाळ निळं दिसत असताना गप्प बसण्याचं.

पण मी कोणाला हसतो आहे? थांबा. मुद्द्यावर येतो.

प्रत्येक पाठाचं आधी टाचण काढावं लागे. आपण काय विचारणार, फळ्यावर काय लिहिणार, मुलं काय उत्तर देणार — सगळं रकान्यांत. मुलांनी ठरलेलं उत्तर दिलं नाही तर दोष मुलांचा. माझी टाचणं नमुना म्हणून फिरवत. वर्गात माझं इंग्रजी सगळ्यांत चांगलं अशी ख्याती होती, आणि ती मी कधी नाकारली नाही. माझे वडील कचेरीत कारकून होते. बदलून गेलेल्या एका साहेबाने टाकून दिलेल्या दोन पेट्या पुस्तकं त्यांनी घरी आणली होती, ती मी दहा वर्षांत वाचून काढली. मात्र कोणा इंग्रजाला बोलताना मी ऐकलं नव्हतं. इंग्रजी मी डोळ्यांनी शिकलो होतो, कानांनी नाही. एवढं लक्षात ठेवा.

जनार्दन कोळीवाड्यातला. त्याच्या घरी सातवीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. हा पदवी घेऊन आला होता आणि 'पाणी'ला पानी, 'फळ्या'ला फला म्हणायचा. वर्ग त्याला हसायचा. मी हसायचो नाही. मी त्याला सुधारायचो. दोहोंत जास्त वाईट काय, ते अजून ठरवता आलेलं नाही.

तो माझा एकुलता एक मित्र होता. त्याला इतरही होते.

आणि तो वर्गावर उभा राहिला, की गोदामाचा वास विसरायला होत असे. ओढणं आणि ओढलं जाणं, हे इंग्रजी व्याकरणातलं दुखणं शिकवायला त्याने एकदा जाळ्याचा जाड दोर आणला, चार मुलं इकडे, चार तिकडे. पाच मिनिटांत अख्खा वर्ग इंग्रजीत आरडाओरडा करत होता. कोण ओढतंय, कोण ओढलं जातंय, पंच चुकतोय. मी मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसलो होतो. माझ्या पाठांना 'विद्वत्तापूर्ण' असा शेरा मिळे. माझ्या पाठाला मुलं जांभया दाबत, हे वहीत लिहायला रकाना नव्हता.

तळ्याला तेव्हा नवं हायस्कूल निघत होतं. त्याच्या चालकांनी तो दोराचा पाठ पाहिला आणि जनार्दनला तिथल्या तिथे शब्द दिला — वार्षिक पाठात पास हो, जूनमध्ये ये, इंग्रजी तुझ्याकडे. त्या दिवशी त्याने मला कोळीवाड्यात नेऊन जेवू घातलं. मला कोणी शब्द दिलेला नव्हता. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण तेवढ्यानेच पुढचं घडलं असं म्हणालो तर ते फार सोपं होईल.

वार्षिक पाठ म्हणजे मुंबईचे परीक्षक मागे बसून गुण देत, त्यावर सगळं अवलंबून. पाठ चिठ्ठी काढून मिळे. जनार्दनला वादळात सापडलेल्या जहाजाची गोष्ट आली. तो नाचलाच. समुद्र, दोर, शीड — हे त्याला कोणी समजावून द्यायला नको होतं. टाचण काढायला आम्ही बंधाऱ्यावर बसलो होतो. त्या गोष्टीत खलाशांच्या मुकादमाला एक शब्द आहे, तीनदा येतो. लिहायला बोट, आणि पुढे एस-डब्ल्यू-ए-आय-एन.

"याला बोसन म्हनतात ना रे वसंता?" त्याने विचारलं. "मामा म्हनतो."

त्याचा मामा अकरा वर्षं विलायती कंपनीच्या बोटीवर होता. खलाशी म्हणून चढला, सारंग होऊन उतरला. सारंग म्हणजे तोच, खलाशांचा मुकादम.

मी हसलो. शब्दाची फोड करून दाखवली — बोट म्हणजे बोट, स्वेन म्हणजे जुन्या काव्यातला खेडवळ जवान. मग तसल्या जवानांवर दहा मिनिटं बोललो. 'बोसन' हा खलाशांनी केलेला अपभ्रंश आहे, वर्गात शोभणार नाही, असं सांगितलं. मला तसंच वाटत होतं. म्हणजे इथवर मी फक्त मूर्ख होतो. जनार्दनने टाचणात त्या शब्दावर बारीक अक्षरात लिहून घेतलं — बोट-स्वेन.

दोन आठवडे गेले. त्याचा पाठ सोमवारी होता. शनिवारी सकाळी अकरा वाजता मी ग्रंथालयात माझ्या पाठासाठी उच्चारकोश मागितला. हा एकच ग्रंथ कुलपात असे. किमतीचा म्हणून त्याची वेगळी नोंदवही होती. नाव, तारीख, वेळ, सही केल्याशिवाय ग्रंथपाल चावी काढत नसे. मी सही केली. माझे शब्द पाहिले. मग सहज — खरंच सहज — तोही शब्द पाहिला.

बोसन.

खाली दुसरा उच्चारसुद्धा दिलेला नव्हता. मी पान उलटून परत आलो. बोसनच होतं.

आता तुम्ही म्हणाल, शनिवार होता, पाठ सोमवारी होता. अगदी बरोबर. मीही तेच म्हटलं. कोश परत केला आणि सरळ कोळीवाड्याकडे निघालो. सांगायलाच निघालो होतो. यावर तुम्ही विश्वास ठेवावा असं काही नाही, पण वाटेत मी वाक्यसुद्धा जुळवलं होतं — 'अरे, मामांचं बरोबर आहे.' चार शब्दांचं वाक्य. टाचणात आरामात मावलं असतं.

घरासमोर अंगणात बायका जवळा निवडत बसल्या होत्या आणि जनार्दन त्यांच्यावर पाठ घेत होता. आई, चुलती, शेजारणी, सगळ्या मिळून दहा-बारा. दारावर कोळशाने जहाज काढलेलं. तो दारावर बोट ठेवी आणि बायका मान वर न करता एका सुरात इंग्रजी शब्द म्हणत. हात जवळ्यात, तोंडात वादळ. इतका चांगला वर्ग मी त्या वर्षात पाहिला नव्हता.

"बोट-स्वेन," तो म्हणाला.

"बोटसून!" बायका म्हणाल्या. एकजण थांबली. "अरं जना, ही बोटसून म्हंजे कोन? बोटीची सून कं?"

"मंग सासू कोन? होरी?" दुसरी वाळूतल्या होडीकडे बोट करत म्हणाली, आणि अंगण हसून लोळलं.

मामा पडवीत विडी ओढत बसला होता. तो एकटाच हसला नाही. "बोसन रं जना," तो म्हणाला. "अकरा वर्सां गोऱ्यान मना त्याच नावान हाक मारली. माजा नाव मना ठाव नाय कं?"

"मामा, तू गप रे. बोटीवरचा बोलना वेगला, बुकातला वेगला. यो बघ, वसंताच आला. यान बुकां वाचल्यान."

सगळ्या बायकांनी वळून पाहिलं. आईने लगबगीने हात पुसून पाट मांडला. मामाने विडी विझवली. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा माणूस, पण उठून उभा राहिला — मी मास्तर होणार होतो ना. आणि खरोखर जाणून घ्यायचं म्हणून, अगदी साधेपणाने, त्याने मला विचारलं.

"मास्तर, तुमी सांगा. खरा कोनचा?"

चार शब्दांचं वाक्य माझ्या तोंडात होतं.

मला काय झालं? इतकी वर्षं मी हा प्रश्न उलटसुलट करून पाहिला आहे. भीती म्हणावी तर तिथे घाबरण्यासारखं कोण होतं? सगळ्या प्रेमाने बघत होत्या. बहुधा तेच. कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा, त्याच्यासाठी पाट मांडलेला, आणि दहा-बारा जणी वाट पाहताहेत की आता हा खरं काय ते सांगेल. खरं सांगितलं असतं तर मी त्या पाटावर बसलेला नुसता एक माणूस उरलो असतो, खलाशाच्या कानापेक्षा कमी कळणारा.

मी म्हणालो, "मामा, पुस्तकात बोट-स्वेन आहे."

बघा, वाक्य कसं जपून केलं होतं. पुस्तकात छापलेलं तसंच असतं ना. मी एक अक्षरही खोटं बोललो नव्हतो.

मामाने मान डोलावली. "आसल," तो म्हणाला. "आमाला गोरं काय चुकीचा बोलत नसतील?" आणि खाली बसला. अकरा वर्षं ज्या नावाने त्याला हाक मारली, ते नाव त्याने माझ्या शब्दावर टाकून दिलं. बायका म्हणाल्या, बोटसून तर बोटसून. आईने मला चहा दिला. मी तो प्यायलो.

रविवार अख्खा मोकळा होता. तेही सांगून टाकतो. रविवारी मी काहीही केलं नाही. खोलीवर पडून होतो. जनार्दन एकदा येऊन दारावर थाप मारून गेला. मी झोपल्यासारखा पडून राहिलो.

सोमवारी परीक्षक मुंबईहून लाँचने आले. समुद्र खवळलेला होता आणि त्यांना बोट लागली होती. डोक्यावर साहेबी टोपी, हातात लिंबू. मागच्या बाकावर पद्धतीचे सर, ते, आणि माझा पाठ नंतर असल्यामुळे मी.

पाठ सुंदर चालला होता. पहिली पंधरा मिनिटं परीक्षक लिंबू हुंगायचं विसरले. मग तो शब्द आला. जनार्दनने तो ठसठशीत म्हटला आणि वर्गाकडून म्हणवून घेतला. चाळीस मुलं एका आवाजात म्हणाली — बोट-स्वेन.

"पुन्हा एकदा," मागून परीक्षक म्हणाले. त्यांना आवडलं असं वाटून जनार्दनने पुन्हा म्हणवून घेतलं, अधिक जोरात.

परीक्षक उठले. फळ्यापाशी गेले, त्याच्या हातातला खडू घेतला, आणि मुलांना बरोबर उच्चार सांगितला. मग जनार्दनकडे वळून, मुलांसमोरच, म्हणाले, "बोटीवरचा अडाण्यातला अडाणी माणूस हा शब्द बरोबर म्हणतो. हा उच्चार तुम्हाला शिकवला कोणी?"

मी त्याच्यापासून आठ हातांवर होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. फळ्याकडे पाहत म्हणाला, "माझीच चूक हाय, सर."

'हाय' ऐकून मुलं हसली. त्यानंतरच्या वीस मिनिटांत त्याने एक वाक्य धड केलं नाही. जहाज बुडालं की तरलं, ते वर्गाला शेवटपर्यंत कळलं नाही. मी उठून 'शिकवला मी' असं म्हणालो नाही. माझा पाठ नंतर होता. तो चांगला झाला.

माझा पाठ सुरू होण्याआधी मी बाहेर आलो, तेव्हा पडवीत तो भिंतीला टेकून उभा होता. मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "तवर बरा चालला होता ना रे पाठ?"

"फार छान चालला होता," मी म्हणालो. त्या आठवड्यात मी बोललेलं तेवढं एक वाक्य खरं होतं.

त्यानंतर तो माझ्याकडे आला नाही. मी धरून चाललो की नापास झाल्याच्या लाजेने येत नसेल. पुढच्या वर्षी पुन्हा पाठ देता आला असता, त्याने फॉर्म भरला नाही. कोळीवाड्यातल्या होड्यांवर जायला लागला. निकालाच्या दिवशी मी ग्रंथालयात पुस्तकं परत करायला गेलो, आणि ग्रंथपालाने उच्चारकोशाची वही पुढे केली — परत केल्याची सही राहिली होती. माझं नाव, शनिवार, सकाळी अकरा. त्याच्या लगेच खाली, मध्ये दुसरं कोणीही नाही, जनार्दनची सही. सोमवार, दुपारी एक.

म्हणजे तो पाठ संपल्याबरोबर शब्द बघायला गेला होता. आणि सही करताना त्याला वरची ओळ वाचावीच लागली असणार. शनिवारी अकराला मी कोश पाहिला होता, आणि शनिवारी बाराला मी त्याच्या अंगणात पाटावर बसलो होतो. हिशेब करायला त्याला माझ्या मदतीची गरज नव्हती.

त्याने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते मला कळल्याशिवाय राहिलं नसतं. गाव तेवढंसं मोठं नव्हतं. मला मात्र तो कधीच काही बोलला नाही. भांडला नाही, शिवी दिली नाही. मी वाट पाहिली. शिवीची वाट पाहत एखादा माणूस किती दिवस एका गावात राहू शकतो? मी जून लागेपर्यंत राहिलो. मग तळ्याहून पत्र आलं, की आमचा ठरलेला उमेदवार नापास झाला आहे, आपण येऊ शकाल का. मी ट्रंक भरली.

तळ्याला समुद्र दिसत नाही. हे मला बरं वाटलं होतं.

चार-पाच वर्षांनी एकदा पेपर तपासण्याच्या कामाने मुंबईला जायचं होतं. मांडव्याला लाँचवर चढताना एका माणसाने हात पुढे केला. "संभाल, फली निसरडी हाय." जनार्दन होता. लाँचवर तांडेल झाला होता. मी त्याचा हात धरून चढलो. फळी म्हण, असं मी म्हणालो नाही.

"बरा हायस ना, मास्तर?" तो म्हणाला. पूर्वी तो मला वसंता म्हणायचा.

मी बरा असल्याचं सांगितलं. मामा कसे आहेत, असं विचारलं.

"मामा गेला. औंदाच्या शिमग्यात."

एवढंच बोलणं झालं. मुंबई येईपर्यंत तासभर होता. तो सुकाणूपाशी, मी आत, डिझेलच्या वासात. मधे नुसती एक काच होती, तीही फुटलेली. मी पेपर काढून तपासायला घेतले. परतताना मी रस्त्याने आलो. पनवेलवरून, सगळा दिवस मोडून. तेव्हापासून रस्त्यानेच जातो.

जहाजाची ती गोष्ट आमच्या शाळेच्या पुस्तकातही आहे. दरवर्षी श्रावणाच्या सुमाराला मी तिच्यापाशी येऊन पोचतो. गेल्या वर्षी नेमके त्याच दिवशी तपासणीसाहेब वर्गात येऊन बसले. मी तो शब्द म्हटला, मुलांकडून म्हणवून घेतला. बोसन. चाळीस मुलं, एका आवाजात. साहेब खूश झाले. शेरेबुकात लिहून गेले — 'इंग्रजीच्या शिक्षकांचे उच्चार निर्दोष.' हेडमास्तरांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं आणि चहा मागवला. मी तोही प्यायलो.

झालं. एवढंच आहे. मामांनी मला विचारलं होतं, खरा कोनचा. त्यांचा. मला त्या दिवशी सकाळी अकरापासून माहीत होतं.